तीस मीटरचा समुद्र

खांद्यावर कॅमेरा आणि पिशवीत कोरी वही घेऊन तुम्ही ओकायामाहून निघाला आहात. भातखाचरं मागे पडतात, रस्ता टेकड्यांतून वळणं घेत उतरतो आणि सेतोचा अंतर्देशीय समुद्र दिसू लागतो. मुशिआगेच्या खाडीत कालवांच्या शेतीचे तराफे ओळीने तरंगताहेत. समोर गच्च झाडीचं लांबट बेट आहे, नागाशिमा. मधल्या पुलावर क्षणभर थांबा आणि खाली पाहा. सगळ्यांत निमुळत्या जागी ही सामुद्रधुनी जेमतेम तीस मीटर रुंद आहे. या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जाईल. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

पडक्या वास्तू धुंडाळत त्यांची छायाचित्रं काढण्याचा नाद जपानात मोठा आहे. अशा जागांना तिथे ‘हाइक्यो’ म्हणतात. बंद पडलेली इस्पितळं, ओस शाळा, खाणकामगारांच्या वसाहती. नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावरची कोळशाची खाण १९७४ च्या जानेवारीत बंद झाली आणि एप्रिलपर्यंत सगळं बेट रिकामं झालं. शाळा, इस्पितळ, बहुमजली इमारती, सगळं तसंच मागे राहिलं. २००९ पासून तिथे पर्यटक जाऊ लागले, २०१५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथली चित्रं तुम्ही पाहिली आहेत. सोललेला रंग, गंजलेली खाट, फुटक्या तावदानातून आत शिरलेली वेल. अशी चित्रं कशी जमवायची हे तुम्हांला येतं.

नागाशिमावर एवढं कौशल्य पुरत नाही. १९३० साली जपान सरकारने कुष्ठरुग्णांसाठीची आपली पहिली राष्ट्रीय संस्था इथे उभारली, ‘नागाशिमा आइसेइएन’. अशा राष्ट्रीय संस्था देशात तेरा आहेत आणि त्यांतल्या दोन याच बेटावर आहेत. बेटाचा बराच भाग ओस पडला असला तरी संस्था चालू आहे. रोगातून केव्हाच बरे झालेले, आता वयाने थकलेले रहिवासी इथे राहतात. तुम्ही कुणाच्या तरी घराच्या आवारात उभे आहात. म्हणून कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी जुन्या कार्यालयाच्या इमारतीत जा, तिथे २००३ पासून इतिहास संग्रहालय आहे. कुठवर जायचं, कशाचा फोटो चालेल, हे तिथे विचारून घ्या.

मग किनाऱ्याकडे चाला. पाण्यात एका धक्क्याचे अवशेष उरले आहेत. हा धक्का रुग्णांसाठी होता, कर्मचाऱ्यांचा वेगळा. धक्क्यापासून थोड्याच पावलांवर एक बैठी इमारत आहे, काइशुनऱ्यो. बेटावर आणलेल्या प्रत्येकाला आधी इथे ठेवत. उंबरठा ओलांडा.

१९३४

तुम्ही तेरा वर्षांचे आहात.

मागच्या महिन्यात गावात पोलीस आला होता, त्याच्या पाठोपाठ आरोग्य खात्याचा माणूस. दंडावरचा बधिर डाग तुम्ही बाहीखाली झाकला होता, पण कुणीतरी कळवलंच. १९३१ च्या कायद्याने प्रत्येक कुष्ठरुग्णाला, घरी त्याची सोय असो वा नसो, उचलून संस्थेत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली आहे. ‘आपल्या प्रांतात एकही कुष्ठरुग्ण उरू नये’ अशी मोहीम चालू आहे आणि प्रांताप्रांतांत चढाओढ लागली आहे. तुम्ही निघालात आणि मागे घरावर जंतुनाशक फवारलं गेलं. सगळ्या गल्लीने ते पाहिलं. आता थोरल्या बहिणीला स्थळ येणार नाही, धाकट्या भावाशेजारी शाळेत कुणी बसणार नाही.

आगगाडीला तुमच्यासाठी वेगळा डबा जोडला होता. मग नाव, मग हा किनारा. आणि आता ही खोली.

कपडे काढायला सांगतात. बांधीव हौदात क्रेसोलचं पाणी आहे. त्याचा वास नाकात चढतो, पायावरची जखम झोंबते. शेजारी एक म्हातारा उतरतो, तुमच्याकडे न बघता. तुमचं गाठोडं निर्जंतुक करायला नेलंय. आईने कनवटीला बांधून दिलेले पैसे काढून घेतले आणि त्यांच्या बदल्यात संस्थेची नाणी दिली. ती फक्त बेटावर चालतात. पलीकडच्या काठावर त्यांचं काही येत नाही, म्हणजे पळून जायचं तर गाडीभाडं नाही.

रात्री जुना एक रुग्ण सांगतो, ‘दुसरं नाव घे रे पोरा. घरच्यांना त्रास होणार नाही.’ तुम्ही विचार करता आणि गावच्या नदीचं नाव घेता. वाढदिवसाला, लग्नाला, चितेवर याच नावाने तुम्हांला ओळखतील. मेल्यावर शवविच्छेदनाला हरकत नाही, असंही अनेकांकडून लिहून घेतलं जातं.

डोळे मिटून उघडा. आता हौद कोरडा आहे, खिडकीतून दुपारचं ऊन आत आलंय. छायाचित्रकाराला हवं तसं ऊन. आता कॅमेरा काढायला हरकत नाही. पण तो तुमच्या उंचीवर धरू नका. गुडघे टेका, भिंग तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. तिथून हौदाचा काठ छातीला लागतो आणि दार फार लांब दिसतं. हा फोटो घ्या. आणि वहीत लिहा: इमारत १९३० ची, हौद कशाचा, इथे माणसांना किती दिवस ठेवत, पुढे कुठे नेत. नुसता हौद पाहून उद्या कुणाला काही कळणार नाही.

१९३६

ऑगस्ट. तुम्ही पंधरा वर्षांचे आहात आणि हात कामाने सोलले आहेत. ८९० माणसांची सोय असलेल्या जागेत अकराशेच्या वर माणसं कोंबली आहेत. लोकांच्या देणग्यांतून आणि रुग्णांच्या श्रमांतून दहा त्सुबोंची, म्हणजे साधारण साडेतीनशे चौरस फुटांची छोटी घरं उठताहेत. माती वाहणं, स्वयंपाक, धुणं, जास्त आजाऱ्यांची सेवा, मेलेल्यांचं दहन, सगळं रुग्णच करतात. ज्यांच्या बोटांना संवेदना नाही त्यांना निखारा लागलेला कळत नाही, दगड लागलेला कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जातं. रोगाने गेलं नसतं ते कामाने जातं.

पळून जाताना सापडलेल्यांना कोठडीत टाकलं आहे. संस्थेच्या संचालकाला कोर्टाशिवाय शिक्षा देण्याचा अधिकार १९१६ पासून आहे. आज मात्र लोक टेकडीवर जमलेत आणि तिथली घंटा जोरजोराने बडवताहेत. तुम्हीही धावत जाता. काम बंद, काहींचं उपोषण. मागणी साधी आहे: आमचा कारभार आम्हांला बघू द्या. ऑगस्ट संपता संपता रहिवाशांना आपली संघटना चालवू द्यायचं कबूल होतं. संचालक मित्सुदा केन्सुके आपल्या जागी राहतात. कुष्ठरोगावरचे देशातले सगळ्यांत वजनदार डॉक्टर ते. १९१५ पासून टोकियोजवळच्या संस्थेत पुरुष रुग्णांची नसबंदी करायला त्यांनीच सुरुवात केली आणि पुढे ती लग्नाच्या परवानगीची अट होऊन बसली.

विरोध करणाऱ्यांचं काय करायचं, याचं उत्तर दोन वर्षांत कुसात्सूच्या डोंगरात तयार झालं. तिथल्या कुऱ्यू राकुसेनएन या संस्थेत १९३८ मध्ये कोठड्यांची एक इमारत बांधली. नाव ‘विशेष रुग्णकक्ष’, पण तिथे उपचार नव्हते. देशभरातल्या संस्थांतून ‘डोईजड’ रुग्ण तिथे पाठवत. हिवाळ्यात बर्फ, आत शेगडी नाही, दिवा नाही. १९४७ पर्यंत ९३ माणसं तिथे डांबली गेली, त्यांतली २३ मेली. आज त्या जागेवर फक्त जोतं दिसतं. शेजारच्या संग्रहालयात २०१४ पासून त्या कोठड्या मूळ आकारात पुन्हा उभ्या केल्या आहेत. तुम्ही कधी गेलात तर जोत्याचाही फोटो घ्या. पाडून टाकलेल्या इमारतीचा त्या जागेवर उरलेला तोच एक पुरावा आहे.

१९४५

युद्धाचं शेवटचं वर्ष. भाताच्या जागी रताळं, रताळ्याच्या जागी त्याची पानं. तुम्ही विमानहल्ल्यांपासून बचावाची भुयारं खणता, तेलासाठी पाइनची मुळं उपटता. डॉक्टर कमी, औषध नाही, पट्ट्या धुऊन धुऊन विरल्या आहेत. या एका वर्षात या बेटावर तीनशेहून अधिक माणसं मरतात. शत्रूचा एकही सैनिक इथे उतरलेला नाही. भूक, क्षय आणि श्रम एवढ्यानेच हे घडलं. स्मशानातली लाकडं फोडणाऱ्यांत तुम्ही आहात आणि आपल्या वेळी कोण फोडेल हे तुम्ही मनात मोजता.

१९५३

औषध आलं आहे. प्रोमिन अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या रुग्णालयात युद्धकाळात गुणकारी ठरलं होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९४६ मध्ये इथे तयार केलं, रुग्णांनी ते सगळ्यांना मिळावं म्हणून लढा दिला. तुमच्या हातावरच्या गाठी बसल्या. आरशात तुम्ही स्वतःला ओळखता. आता घरी जायचं, हे तुम्ही धरून चालता.

आणि या वर्षी संसद नवा कायदा करते. त्यातही सक्तीचं विलगीकरण तसंच. १९५१ मध्ये मित्सुदांनी आणि आणखी दोन संस्थाप्रमुखांनी संसदेपुढे अधिक कडक नियम मागितले होते. त्याच वर्षी मित्सुदांना देशाचा मोठा सांस्कृतिक सन्मान मिळाला. रुग्णांनी संसदेसमोर धरणं धरलं, पण कायदा झाला.

‘तेव्हा कुणालाच कळत नव्हतं’ असं पुढे म्हटलं जाईल. ते खरं मानू नका. क्योतो विद्यापीठातले डॉक्टर ओगासावारा नोबोरू १९३० च्या दशकातच सांगत होते की हा रोग फार कमी पसरतो, तो बरा होऊ शकतो आणि त्यासाठी माणसाला तोडायची गरज नाही. ते बाह्यरुग्ण विभागात उपचार करत. १९४१ मध्ये त्यांच्याच क्षेत्रातल्या परिषदेत त्यांना एकटं पाडलं गेलं. कळणारा माणूस होता. ऐकलं गेलं नाही.

या वर्षी बेटावर एक चांगली गोष्टही घडते. दृष्टी गेलेले काही रुग्ण हार्मोनिका घेऊन एकत्र येतात आणि ‘निळा पक्षी’ नावाचा वाद्यवृंद उभा राहतो. त्यांना शिकवणारे कोंदो कोइची स्वतः अंध. बोटांची संवेदना गेलेली, म्हणून ते ब्रेलचे ठिपके जिभेने वाचतात. जीभ सोलून कागदावर रक्त उमटलं तरी थांबत नाहीत. स्वरलिपी अशीच वाचून ते इतरांना देतात. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकता. पुढे हा वृंद बेटाबाहेर, मोठ्या शहरांत वाजवणार आहे.

१९५५

सप्टेंबर. तुम्ही पुन्हा कोवळे झाला आहात, सोळा वर्षांचे. देशभरातल्या संस्थांतून परीक्षा देऊन आलेल्या मुलांसाठी या बेटावर उच्च माध्यमिक शाळा सुरू झाली आहे, निइरादा वर्ग. जपानमध्ये कुष्ठरुग्ण मुलांसाठी उच्च माध्यमिक शिक्षणाची ही एकमेव जागा. तुम्हांला इंग्रजी आवडतं, गणित त्याहून जास्त.

शिक्षक वर्गात पांढरा डगला घालून येतात. त्यांच्या खोलीत विद्यार्थ्यांनी पाऊल ठेवायचं नाही. शंका असली तर बाहेरची घंटी दाबायची आणि थांबायचं. तुम्ही घंटी दाबता. चांगले शिक्षकही आहेत, मनापासून शिकवणारे, आणि तेही घंटीनंतरच बाहेर येतात. १९८७ मध्ये शाळा बंद होईपर्यंत तीनशेहून अधिक मुलं इथून उत्तीर्ण होतील. काही जण बाहेर पडून नोकरी धरतील आणि शाळेचं नाव आयुष्यभर कुणाला सांगणार नाहीत.

याच सुमाराला मानसोपचारतज्ज्ञ कामिया मिएको बेटावर येऊ लागतात. माणूस इतकं सगळं हिरावलं गेल्यावर कशासाठी जगतो, हे त्या इथल्या लोकांना विचारतात आणि उत्तरं लिहून ठेवतात. ‘इकिगाई’वरचं त्यांचं १९६६ चं गाजलेलं पुस्तक या संभाषणांतून उभं राहिलं. त्या नावाची पुस्तकं आता मराठी दुकानांतही दिसतात. त्या विचाराची इतकी खोल कसोटी या बेटावर लागली होती, हे वाचकांना ठाऊक असायला हवं.

कुसात्सू, १९६० चं दशक

आता तुम्ही डोंगरातल्या संस्थेतल्या एका खोलीत बसला आहात. समोर एक पाहुणा आहे. त्याच्याजवळ कॅमेरा आहे, पण तो अजून खाली चटईवर ठेवलेला आहे.

चो गुन्जे. १९३३ मध्ये जपानात जन्मलेला कोरियन. लहान वयात खाणीत उतरून काम केलेला माणूस. अंधारात राबणं आणि माणसांत कमी लेखलं जाणं, दोन्ही त्याला ठाऊक आहे. संस्थांमध्ये फोटो पूर्वीही निघत. त्यांत इमारती असत, सरकारी पाहुणे असत, रांगेत उभे केलेले रुग्ण असत. हा तुमच्यासोबत जेवतो, तुमच्याच चटईवर पसरतो, तुमच्या गप्पांत रात्र काढतो. असे दिवस जातात. मग केव्हातरी तुम्ही ब्रेलचं पान उचलता, ओठांशी नेता आणि तो विचारतो, ‘काढू का?’

तुम्ही काय म्हणाल? फोटो छापला आणि गावच्या कुणी ओळखला तर? बहिणीचा संसार? तुम्ही थोडा वेळ गप्प राहता. मग मान हलवता.

चो गुन्जेने देशभरातल्या संस्था पालथ्या घातल्या आणि १९९७ मध्ये वारला तेव्हा मागे वीस हजारांच्या आसपास छायाचित्रं ठेवून गेला. २०२३ मध्ये साइतामातल्या मारुकी संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या चित्रांतली माणसं तुमच्याकडे थेट पाहतात. चहा ओततात, हसतात, जिभेने वाचतात. त्यांच्याकडे पाहून दया येत नाही, ओळख होते. ज्याला आपला चेहरा लपवायची सवय लावली गेली होती त्याने तो स्वतःहून दाखवला, म्हणून त्या फोटोंना मोल आहे.

१९८८ ते २००१

नऊ मे १९८८. पूल झाला. रहिवाशांनी सतरा वर्षं मागणी केली तेव्हा झाला. त्याला ते ‘माणूसपण परत मिळवण्याचा पूल’ म्हणतात. तुम्ही काठी टेकत त्याच्या मध्यावर जाता आणि खाली पाहता. हेच ते तीस मीटर. याच पाण्यात पोहून निसटू पाहणारे बुडाले. बेटावर ठेवण्याची गरज नाही हे दाखवायला म्हणून लोकांनी हा पूल मागितला होता. अंतर कधीच मोठं नव्हतं.

१९९६ मध्ये कायदा रद्द होतो. ११ मे २००१ ला कुमामोतो जिल्हा न्यायालय निकाल देतं: सक्तीचं विलगीकरण घटनाबाह्य होतं आणि १९६० नंतर तर त्याला कसलाच आधार उरला नव्हता. पंतप्रधान कोइझुमी जुनइचिरो अपील न करण्याचं ठरवतात. भरपाईचा कायदा होतो. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने कुटुंबीयांचं नुकसानही मान्य केलं. मोडलेली लग्नं आणि सोडलेली गावं निकालपत्रात आली.

तुम्ही घरी जात नाही. आईवडील गेले. भावाचं पत्र आलं होतं, नातसुनेला काही सांगितलेलं नाही. २००३ मध्ये कुमामोतोच्या संस्थेतल्या रहिवाशांना एका हॉटेलने खोल्या नाकारल्या आणि त्यांनी वरवरची माफी नाकारली तेव्हा त्यांनाच शिव्यांची पत्रं आली. २००५ मध्ये चौकशी समितीने देशातल्या संस्थांमध्ये बाटल्यांत ठेवलेले ११४ भ्रूण आणि अर्भकांचे नमुने सापडल्याचं सांगितलं. सक्तीच्या गर्भपातांचा तो हिशेब. बेटावरच्या अस्थिगृहात साडेतीन हजारांहून अधिक जणांच्या अस्थी आहेत. घरच्या कबरीत त्यांना जागा मिळाली नाही. काहींचं खरं नाव आजही नोंदीत नाही.

आज

आता तुम्ही पुन्हा कॅमेरा घेतलेले पाहुणे आहात. झाडीत दहा त्सुबोंचं एक घर खचलंय. छत आत आलंय, चुलीच्या जागी रोपटं उगवलंय. फोटो सुंदर येईल, आणि सुंदर येण्यात गैर काही नाही. अभिनेते इशिई मासानोरी आठवा. मोठ्या फिल्मचा, जुन्या पद्धतीचा जड कॅमेरा घेऊन ते तेराही संस्थांमध्ये फिरले. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात वाटा, खोल्या, खिडक्या यांच्या छायाचित्रांसोबत रहिवाशांनी स्वतः लिहिलेल्या कविता आणि मजकूर आहे. चित्राला शब्द त्यांचेच दिले. त्यामुळे त्या रिकाम्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत.

ओशिमा बेटावरच्या संस्थेजवळ समुद्रात पडलेलं काँक्रीटचं शवविच्छेदनाचं टेबल २०१० मध्ये वर काढलं गेलं आणि सेतोउचीच्या कला महोत्सवात लोकांसमोर ठेवलं गेलं. ज्यांच्या शरीरांना त्यावर ठेवलं होतं त्यांच्या सोबत्यांनी ते पाहिलं. ते दाखवण्यामागे हेतू भीती घालण्याचा नव्हता. ते टाकून दिलं होतं, म्हणजे लपवलं होतं, आणि लपवलेलं परत उजेडात आणायचं होतं.

तेराही संस्थांमधले रहिवासी मिळून आता हजाराच्या आत आले आहेत, सरासरी वय पंच्याऐंशीच्या पुढे. काही वर्षांत साक्षीदार उरणार नाहीत, फक्त भिंती उरतील. भिंती स्वतःहून काही सांगत नाहीत. म्हणून पडक्या संस्थेचा फोटो काढणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरं चित्रासोबत द्यायलाच हवीत, असं मला ठामपणे वाटतं: इथे कोण राहिलं, त्यांना कुणी पाठवलं, आणि कोणत्या कायद्याने. उत्तरं नसतील तर तो फोटो मोडक्या लाकडांचा आहे.

पूल ओलांडून घरी येताना आपलंही बघायला हवं. मुंबईत वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये सुरू झालं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनीच शंकर तुकाराम शाळिग्रामांसोबत मराठी पोवाड्यांचा संग्रह केला. रुग्णालयाच्या आवारात संग्रहालय आहे, ते किती मुंबईकरांनी पाहिलंय? आपल्याकडे १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून डांबता येत असे. तो कायदा २०१६ मध्ये संपला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारं कलम तर २०१९ पर्यंत होतं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारलं, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ पासून आनंदवन. तिथे आलेल्यांना काम मिळालं, मान मिळाला, लग्न करून संसार थाटता आला. तरी त्यांनाही घराने आधी सोडलं होतं, गावाने वाट बदलली होती. त्या पहिल्या पिढीतले फार थोडे आता आहेत.

आपल्या जिल्ह्यात शोधा. जुनं कुष्ठधाम, क्षयरोग्यांचं आरोग्यधाम, मनोरुग्णालयाचा बंद पडलेला कक्ष, अनाथाश्रमाची जुनी इमारत. कुलूप तोडून आत जाऊ नका, चालकांकडे रीतसर परवानगी मागा. भिंतीआधी माणसांकडे जा. तिथे राहिलेले, काम केलेले, जेवण रांधलेले कुणी हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. चेहरा आणि नाव त्यांच्या संमतीशिवाय कुठेही देऊ नका. प्रत्येक फोटोमागे जागा, साल आणि सांगणाऱ्याची हकीकत लिहा. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, एक त्या संस्थेला द्या. हे काम जुन्या भिंतींसाठी पुढेही करता येईल. माणसांसाठी ते याच वर्षी करावं लागेल.